मकुमची चिनी घरं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण, छपाईसाठी थोडं आवरून.)

चहा झाला का? झाला नसेल तर ठेवा आधी. आजची गोष्ट चहापासूनच सुरू होते.

आपल्या घरात येणारी चहा पावडर बहुतेक आसामची. आसामच्या जंगलात चहाचं झाड आधीपासून होतं. तिथले सिंगफो लोक त्याचा पाला उकळून पीत होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस नावाच्या इंग्रजाला ते कळलं. पण पाला खुडायचा कसा, वाळवायचा कसा, भाजायचा कसा, हे इंग्रजांना ठाऊक नव्हतं. ती विद्या चिनी माणसांकडे होती. म्हणून १८३० नंतरच्या वर्षांत त्यांनी चीनमधून चहाचे कारागीर आणले. पुढे १८३९ मध्ये आसाम कंपनी निघाली, तिला एकदम पुष्कळ माणसं हवी झाली. कंपनीच्या दलालांनी सिंगापूर आणि पिनांगच्या बंदरांतून दिसेल तो चिनी माणूस भरती केला. चिनी आहे म्हणजे याला चहा येणारच, असं धरून चालले. त्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात चहाचं झुडूपसुद्धा पाहिलं नव्हतं! वाटेतच भांडणं झाली, मारामाऱ्या झाल्या, आणि कंपनीने पुष्कळांना काढून टाकलं. चेहऱ्यावरून माणूस ओळखायला गेलं की काय होतं, याचा हा पहिला नमुना. दुसरा नमुना सव्वाशे वर्षांनी आला, आणि तो हसण्यासारखा नव्हता.

जे राहिले, आणि मागून जे येत राहिले, ते वरच्या आसामात ठिकठिकाणी पांगले. कोणी चहाच्या मळ्यात, कोणी लाकडाच्या कारखान्यात, कोणी रेल्वेच्या कामाला. चिनी सुताराचा हात फार चांगला, असं त्या भागात नाव होतं. तिनसुकियाजवळ मकुम म्हणून गाव आहे. तिथे चिनी लोकांची एक मोठी वस्तीच झाली. दुकानं झाली, खानावळी झाल्या, मुलांसाठी शाळा झाली.

आलेले होते बहुतेक एकटे पुरुष. मग लग्नं कोणाशी झाली? तिथल्याच मुलींशी. कोणाची बायको आसामी, कोणाची नेपाळी, कोणाची खासी, कोणाची मळ्यात कामाला आलेल्या आदिवासी घरातली. आता अशा घरात चूल कोणाच्या हातात असते, ते तुम्हाला मी काय सांगू! मुलं आईची भाषा बोलायला लागली. दोन-तीन पिढ्यांत अशी माणसं तयार झाली की ज्यांचं आडनाव चिनी, डोळे थोडे बारीक, आणि बाकी सगळं आसामी. बिहूला नाचणारी. चीन कुठल्या दिशेला आहे ते फक्त नकाशात पाहिलेली.

चिनी माणूस आपल्यालाही अगदी परका नव्हता बरं का. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करायला गेले, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांची बायको चिनी, को छिंगलान. म्हणजे सोलापूरच्या कोटणिसांची सून चिनी होती. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुंबईतही कामाठीपुऱ्यात सुखलाजी स्ट्रीटच्या बाजूला चिनी लोकांची वस्ती होती. दात बसवणारे चिनी डॉक्टर आणि चिनी चपलांची दुकानं जुन्या मुंबईकरांना आठवतात. १९५० च्या पुढे तर ‘हिंदी चिनी भाई भाई’ ही घोषणा शाळेतल्या पोरांच्याही तोंडी होती.

आणि मग आलं १९६२.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हिमालयात आपल्यावर हल्ला केला. आपलं सैन्य तयारीत नव्हतं. थंडीचे कपडे पुरेसे नव्हते, दारूगोळा पुरेसा नव्हता. २६ ऑक्टोबरला देशात आणीबाणी जाहीर झाली. तेव्हाचं वातावरण ज्यांनी पाहिलं त्या आज सत्तरीच्या पुढच्या आहेत, त्यांना विचारा. संरक्षण निधीसाठी बायकांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या, गळ्यातलं सोनं दिलं. यशवंतराव चव्हाणांना नेहरूंनी दिल्लीला बोलावून संरक्षणमंत्री केलं, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं घरोघर म्हणू लागले. लोकांचा राग खरा होता. आपली पोरं बर्फात मरत होती. तो राग खोटा होता असं मी म्हणणार नाही.

पण राग कोणावर काढायचा? चिनी सैन्य तर डोंगराच्या पलीकडे. हाताशी होता तो मकुमचा सुतार. कलकत्त्याचा चपला शिवणारा. शिलाँगचा खानावळवाला. दार्जिलिंगचा दुकानदार.

आता कायद्याचं थोडं सांगते. कंटाळू नका, कारण सगळी गोष्ट त्यातच अडकली आहे. लढाई लागली की शत्रूच्या देशाचे जे नागरिक आपल्याकडे राहत असतात, त्यांना सरकार ‘शत्रू परकीय’ म्हणू शकतं. हा शब्द भारताने शोधलेला नाही, जगभर चालतो. अशा माणसावर नजर ठेवता येते, त्याला एका जागी बसवता येतं, छावणीत ठेवता येतं. त्याने काही केलं म्हणून त्याला ठेवत नाहीत. तो कोण आहे एवढ्यावरून ठेवतात. म्हणून तिथे आरोप नसतो, वकील नसतो, तारीख नसते. चोराला निदान शिक्षा किती वर्षांची ते कळतं. याला तेही कळत नाही.

१९६२ च्या ऑक्टोबरच्या शेवटी जो वटहुकूम निघाला त्यात एक पाऊल पुढे टाकलं होतं. भारतीय वंशाचा नसलेला कोणताही माणूस, ज्याचे आई किंवा वडील, किंवा आजी-आजोबांपैकी कोणीही, कधीही शत्रूच्या देशाचे नागरिक किंवा प्रजा होते, त्याला परकीयांचे नियम लावता येतील. नीट ऐका, ‘आजी-आजोबांपैकी कोणीही’ आणि ‘कधीही’. म्हणजे तुझा जन्म मकुमचा, तुझ्या बापाचा जन्म मकुमचा, पण आजोबा पन्नास वर्षांपूर्वी कँटनहून बोटीत बसून आला होता ना? झालं. नियम लागला. भारताचं नागरिकत्व घेतलेले लोकही यात सापडले.

मी आपल्या गटातल्या बायकांना विचारलं होतं, तुमच्या आजोबांचा जन्म कुठे झाला याचा कागद कोणाकडे आहे? एकीकडेही नव्हता. आपल्या आधार कार्डावर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. एका अक्षराने खातं उघडायचं अडतं आणि आपण पंधरा दिवस हेलपाटे घालतो. आता विचार करा की त्या कागदावर घर अवलंबून आहे.

नोव्हेंबरच्या मधल्या दिवसांत चिनी फौजा आसामच्या तोंडाशी आल्या. बोमडिला पडलं. तेजपूर शहर रिकामं झालं, तिथल्या बँकेने नोटा शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून जाळल्या. आणि त्याच दिवसांत, १९ नोव्हेंबरच्या सुमाराला, मकुमच्या चिनी वस्तीत पोलीस आले. चला, थोड्या दिवसांसाठी जायचं आहे, तुमच्याच सुरक्षिततेसाठी. पुष्कळांना असंच सांगितलं गेलं. थोडे कपडे घ्या, थोडे पैसे घ्या. लोक निघाले. थोड्या दिवसांसाठी जायचं म्हटल्यावर बाई काय घेते? एक-दोन जोड, पोरांचं काहीतरी, एखादं पांघरूण. बाकी घर तसंच. कोंबड्या तशाच, दुकानातला माल तसाच. किल्ली शेजारी दिली.

गंमत बघा, गंमत म्हणायची नाही खरं तर. २१ नोव्हेंबरला चीनने लढाई थांबवली. म्हणजे ही माणसं धरली गेली आणि दोन दिवसांत लढाई संपली. त्यांची सुटका मात्र लढाईबरोबर झाली नाही.

आधी त्यांना जवळपासच्या तुरुंगांत ठेवलं, आणि मग आगगाडीत बसवलं. मकुमपासून राजस्थानपर्यंत, सगळा देश आडवा ओलांडून, सुमारे सात दिवसांचा प्रवास. त्या गाडीतून गेलेल्या लोकांनी पुढे म्हातारपणी जे सांगितलं त्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. डब्यांवर ‘शत्रूची गाडी’ अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलं होतं. स्टेशनांवर लोक जमायचे, शिव्या द्यायचे, दगड मारायचे. आतली माणसं खिडक्या लावून घ्यायची. बाहेर ओरडणाऱ्यांना वाटत होतं की आत चिनी सैनिक आहेत. आत होत्या लेकुरवाळ्या बायका, शाळेतली पोरं आणि म्हाताऱ्या आज्या. त्यातल्या कितीतरी जणींना चिनी भाषेतली शिवीसुद्धा येत नसेल.

गाडीचा मुक्काम होता देवली. वर्ध्याजवळची आपली देवळी वेगळी. ही राजस्थानातली, टोंक जिल्ह्यातली, कोट्याच्या अलीकडची. इंग्रजांच्या वेळेपासून तिथे छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी आपल्या पुढाऱ्यांना तिथे डांबलं होतं. जयप्रकाश नारायण तिथे होते. आपले कॉम्रेड डांगे, रणदिवे तिथे होते. १९४१ मध्ये कैद्यांनी तिथे मोठं उपोषण केलं होतं. नंतर त्याच जागी सिंगापूर-मलायाकडून पकडून आणलेले जपानी नागरिक ठेवले, तेही बायकापोरांसकट. आणि १९६२ मध्ये, आपलंच सरकार असताना, त्याच बराकींची दारं मकुमच्या माणसांसाठी उघडली. सुमारे तीन हजार चिनी वंशाची माणसं अशी धरली गेली. आसामची, शिलाँगची, दार्जिलिंग-कालिंपाँगची, बंगालची.

आसामची माणसं म्हणजे पावसात वाढलेली. सगळीकडे हिरवं, दाराशी सुपारी आणि केळी. ती माणसं वाळूच्या मुलखात आली. थंडीत रात्री गारठा असा की अंगावरचे कपडे पुरेनात. उन्हाळा आला तेव्हा लू. सुरुवातीला सगळ्यांचा एकत्र स्वयंपाक व्हायचा, त्यात भात कच्चा आणि भाजी करपलेली. पुढे शिधा हातात मिळू लागला आणि बायकांनी आपापल्या चुली मांडल्या. त्या दिवसापासून बरं वाटायला लागलं, असं सांगणाऱ्या आहेत. मला त्यात नवल वाटत नाही. माणसाचं सगळं हिरावून घेतलं आणि तिची चूल तिला परत दिली, तर ती त्या चुलीभोवती पुन्हा घर करायला लागते.

पोरांना धड शाळा नव्हती. ज्या पोराची चौथी अर्धी राहिली होती त्याची ती राहिलीच. मोठी माणसं दिवसभर करणार काय? पत्ते खेळायचे, तारेपलीकडे बघत बसायचे. पत्रं यायची ती तपासून, कधी उशिराने, कधी नाहीच. काही म्हातारी माणसं तिथेच गेली. काही बाळं तिथेच जन्मली. लताबाईंचं ते गाणं, जे ऐकून नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते १९६३ च्या जानेवारीतलं. आपण आजही ते लागलं की थांबतो. त्या जानेवारीत मकुमची माणसं देवलीच्या थंडीत बसली होती, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांचाही वतन म्हणजे भारतच होता.

आता मी त्या भागाकडे येते ज्याच्यासाठी मला ही गोष्ट तुम्हाला सांगायची होती.

नवरा चिनी आणि बायको इथली, असं घर असलं तर पोलीस कोणाला नेणार? नवऱ्याला. मुलांना, कारण मुलं बापाची. आणि बायको? ती तर चिनी नाही. ती हवं तर मागे राहू शकत होती. हवं तर! दारात पोलीस, पाच मिनिटांत ठरव: नवरा आणि पोरं यांच्याबरोबर शत्रू म्हणून जायचं, की भारतीय म्हणून एकटीने मागे राहायचं. पुष्कळ जणी गेल्या. काही राहिल्या, कोणाची म्हातारी आई होती, कोणी पोटुशी होती, कोणाला माहेरच्यांनी ओढून धरलं. काही घरांत बाई बाजारात गेलेली, मुलं आजोळी गेलेली, आणि परत येऊन बघतात तर घराला कुलूप.

अशा एका मुलीची गोष्ट आसामात पुष्कळांना माहीत आहे. मी तिचं नाव घेत नाही. ती लहान होती आणि त्या दिवशी आजीकडे होती, चहाच्या मळ्यात. आईबाप आणि भावंडं गेली. ही राहिली. आजीने तिला वाढवलं, तिला इथलं नाव दिलं, आणि ती त्याच मळ्यात पाला खुडायला लागली. तिचे आईवडील पुढे चीनला पाठवले गेले. म्हणजे एकाच आईची मुलं, काही चीनमध्ये वाढली आणि एक आसामात, आणि मधे पन्नास वर्षं.

चीनला पाठवले गेले म्हणजे काय, तेही सांगते. १९६३ मध्ये चीन सरकारने मद्रासला, आताच्या चेन्नईला, बोटी पाठवल्या. देवलीतल्या लोकांना विचारलं गेलं, चीनला जायचं का? काहींनी हो म्हटलं. त्यांना वाटलं, इथे आता आपलं कोण आहे, घर गेलं, दुकान गेलं, निदान तिथे शत्रू तरी म्हणणार नाहीत. काहींना नीट कळलंच नव्हतं आपण कशावर सही करतो आहोत ते. तीन फेऱ्यांत दोन हजारांहून जास्त माणसं गेली. आणि तिथे पोचल्यावर काय झालं? तिथेही ती परकीच. भाषा येत नाही, भात-मासळी आसामी पद्धतीची हवी, आणि भारतातून आलेले म्हणून संशय. त्यांना सरकारी शेतांवर कामाला लावलं. तीन वर्षांनी तिथे सांस्कृतिक क्रांती सुरू झाली, परदेशाशी संबंध असलेल्याचे हाल सुरू झाले. यांचा परदेशी संबंध म्हणजे आसाम. इथे चिनी म्हणून धरले, तिथे भारतीय म्हणून गांजले. यातल्या कितीतरी जणांनी पुढे हाँगकाँग गाठलं.

जरा आपल्या मुलखात येते. वाटेल की हे सगळं दूर आसामात झालं, आपल्याकडे असलं काही नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी भारतातल्या जर्मन आणि इटालियन नागरिकांना असंच धरलं होतं. पुरुषांना आधी तेव्हाच्या अहमदनगरला, मग देवळालीला, आणि शेवटी डेहराडूनला. बायकांना, मुलांना आणि काही कुटुंबांना कुठे ठेवलं? आपल्या साताऱ्यात. आणि पुरंदर किल्ल्यावर. संभाजी महाराजांचा जन्म झाला त्या गडावर मिशनऱ्यांची कुटुंबं, डॉक्टर, आणि हिटलरच्या जाचातून पळून आलेले ज्यू लोकसुद्धा राहत होते. ज्यू माणूस हिटलरचा हस्तक कसा असेल? पण पासपोर्ट जर्मन. तिथे देवलीइतके हाल नव्हते, बांधून ठेवलेलं होतं एवढंच.

आणि त्याच वर्षांत कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडची सुमारे पाच हजार माणसं येऊन राहिली, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची आठवण म्हणून कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक आहे. ती पाहुणी. साताऱ्याची जर्मन बाई आणि वळिवड्याची पोलिश बाई, दोघींची पोरं गोरी, दोघींना आपला उन्हाळा सोसत नसणार, दोघी लढाईपायी घर सोडून इथे पडलेल्या. मधे एक दिवसाचा रस्ता. एक शत्रू आणि एक पाहुणी.

इंग्लंडने तर स्वतःच्या घरातही हेच केलं. १९४० मध्ये हजारो जर्मन बायका आइल ऑफ मॅन नावाच्या बेटावर नेऊन ठेवल्या. त्यांतही पुष्कळ ज्यू. पण तिथल्या बायकांनी एक केलं ते मला फार आवडलं. पैसे नव्हते, म्हणून त्यांनी कामाची देवघेव सुरू केली. एकीने शिवून द्यायचं, दुसरीने केस कापून द्यायचे, आणि हिशोबाला टोकन. बचत गटच म्हणा ना!

अमेरिकेत १९४२ मध्ये एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत नेलं. त्यातले दोन-तृतीयांश तर अमेरिकेचे नागरिक होते. पण अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून त्यांची माफी मागितली, आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. पैशाने काय होतं असं म्हणतील कोणी. मला वाटतं होतं. सरकारने पैसे मोजले म्हणजे चूक हिशोबात आली.

देवलीचं तसं झालं नाही. १९६४ नंतर लोक थोडे थोडे सुटू लागले. शेवटची काही माणसं देवलीहून आसामच्या नगाव तुरुंगात हलवली, आणि त्यांची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. एका महिन्याची लढाई आणि पाच वर्षांची कैद. कोणावर खटला चालला नाही. आणीबाणीत कोर्टात दाद मागायची वाटही बंद होती.

घरी परतले तर घर कुठे? घरं आणि दुकानं शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त झालेली, लिलावात गेलेली. ज्या शेजारणीकडे किल्ली दिली होती तिनेही काय करायचं? काही शेजाऱ्यांनी जपून ठेवलं, भांडी परत दिली. काहींनी तोंड फिरवलं. ओळखीच्या माणसाने ओळख न दाखवणं हे पोलिसांपेक्षा जास्त लागलं, असं सांगणारे आहेत. त्यावर पुन्हा दर काही दिवसांनी पोलीस चौकीत हजेरी, गावाबाहेर जायचं तर परवानगी. हे वर्षानुवर्षं चाललं. पोरांना लोक ‘चिनी’ म्हणून चिडवायचे. पुष्कळांनी मुलांची नावं बदलून टाकली, घरात चिनी बोलणं बंद केलं. आणि झालेलं कोणाला सांगणंही बंद केलं. स्वतःच्या मुलांनासुद्धा.

तुम्ही म्हणाल, त्यात एखादा खरंच हेर असला तर? लढाईच्या वेळी सरकारने डोळे मिटून बसायचं का? हा प्रश्न बरोबर आहे. संशय असेल त्याला धरा, चौकशी करा, पुरावा मांडा. त्यासाठी पोलीस आहेत, कोर्ट आहे. पण आजी आणि नातवाला एकाच गाडीत भरलं तेव्हा कोणीही कोणाची चौकशी केलेली नव्हती. गावात एका घरात चोरी झाली म्हणून अख्ख्या आळीला कोंडायचं, आणि तेही आळीचं आडनाव बघून, असा हा कारभार.

पन्नास वर्षं ही गोष्ट गप्प राहिली, आणि ती बोलती केली ती मुख्यतः बायकांनी. आसामच्या लेखिका रीता चौधरी यांनी त्या लोकांचा माग काढत हाँगकाँगपर्यंत जाऊन माणसं शोधली. २०१० मध्ये त्यांची ‘माकाम’ ही आसामी कादंबरी आली, आणि आसामच्या नव्या पिढीला पहिल्यांदा कळलं की आपल्या शेजारी काय झालं होतं. यिन मार्श या बाई तेरा वर्षांच्या असताना दार्जिलिंगहून देवलीला नेल्या गेल्या होत्या, त्यांनी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. आणि जॉय मा. या तर देवलीच्या छावणीतच जन्मल्या. त्यांनी मुंबईचे पत्रकार दिलीप डिसूझा यांच्याबरोबर २०२० मध्ये ‘द देवलीवालाज’ हे पुस्तक लिहिलं. देवलीवाले हे नाव त्या लोकांनी स्वतःच स्वतःला दिलं, जसे आपण कराडवाले, फलटणवाले म्हणतो तसे.

सुटलेल्यांपैकी पुष्कळ जण पुढे कॅनडाला गेले. टोरांटो शहरात त्यांची संघटना आहे. त्यांची मागणी मोठी नाही. सरकारने एकदा म्हणावं की हे झालं आणि चुकीचं झालं, आणि देवलीला एक खूण उभी करावी. अजून कोणत्याही सरकारने तसं म्हटलेलं नाही. देवलीच्या त्या जागी आता औद्योगिक सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे.

हाँगकाँगला ज्या आसामी चिनी म्हाताऱ्या रीता चौधरींना भेटल्या, त्या अजून आसामी बोलत होत्या. मकुमचं बोलणं निघालं की त्यांना त्यांच्या वेळचं गाव आठवायचं, १९६२ मधलं.